मारलं असेल आणि मारलं

कत्तलखान्यात त्याला सगळे टोला म्हणत. अठराव्या वर्षी कामाला लागला तेव्हा जनावराच्या कपाळावर मारायचं यंत्र अजून आलं नव्हतं, लांब दांड्याचा घण होता. बाकीच्यांना दोन-तीन घाव लागायचे. याच्या हाताखालचं जनावर एका टोल्यात गुडघ्यांवर यायचं. तेव्हापासून हे नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे यंत्र आलं, घण गंजत पडला आणि टोल्याला सुरी मिळाली. आता साखळी जनावराला मागच्या पायाने वर उचलायची, ते फिरत त्याच्यासमोर यायचं आणि तो गळ्याखाली एकदाच सुरी फिरवून बाजूला सरकायचा. रक्ताचा लोट अंगावर येऊ नये म्हणून नेमकं किती सरकायचं, हे त्याच्या पायांना पाठ झालं होतं.

माणूस अंगाने दणकट, बोलायला तुसडा. कँटीनमध्ये त्याच्या शेजारची खुर्ची रिकामीच असायची. खांद्याला धक्का लागला म्हणून एकाला त्याने भिंतीवर आपटलं होतं. दुसऱ्या एकाने बायकोचा विषय काढला, तर त्याचे पुढचे दोन दात ताटात पडले. घरी एक खोली, एक खाट, एक शेगडी. बायको आणि लेक चौदा वर्षांपूर्वी निघून गेल्या होत्या. बायकोचा भाऊ दूर परदेशात स्थायिक झाला होता, तिथे सगळे फ्रेंच बोलतात म्हणे. तो आला आणि दोघींना घेऊन गेला. लेक तेव्हा पाच वर्षांची होती.

त्या दिवशी काय झालं होतं ते टोला स्वतःला एकाच पद्धतीने सांगायचा. तो कामावरून आला, लेकीला मांडीवर घेतलं, बायको म्हणाली, "आधी हात धुवा, नखांत रक्त आहे." तिने ते सरळच म्हटलं होतं. पण त्या दिवशी मुकादमाने चारचौघांत त्याचा पाणउतारा केला होता, डोकं तापलेलं होतं, आणि हात उठला. एकदाच. तिचं डोकं ओट्याच्या कडेवर आपटलं. डाव्या कानातून रक्त आलं आणि तो कान कायमचा गेला. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "पडले." पोलिसांनी विचारलं तेव्हाही म्हणाली, "पडले." टोला शेजारीच उभा होता. त्याने होकाराची मान हलवली. कागदावर पडल्याचीच नोंद झाली आणि आठ दिवसांत घर रिकामं झालं.

मग चौदा वर्षांनी पत्र आलं. जेमतेम सहा ओळी, सगळ्या फ्रेंचमध्ये. टोल्याला त्यातली फक्त खालची सही लागली, कारण ती लेकीच्या नावाची होती.

खालच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहायच्या. तीस वर्षं शाळेत फ्रेंच शिकवलेल्या, म्हणून सगळी इमारत त्यांना फ्रेंचबाई म्हणायची. अंगाने काडी, आवाज मात्र वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारा. टोल्याने दार वाजवलं आणि न बोलता पत्र पुढे केलं. बाईंनी चष्मा लावला, एकदा मनात वाचलं, मग मोठ्याने सांगितलं.

"ती लिहिते, मला आपली भाषा लिहिता येत नाही, म्हणून फ्रेंचमध्ये लिहिते. आई म्हणते, ती पडली. मामा म्हणतो, तू मारलंस. मी तिथे होते, पण मला फक्त पाण्याचा आवाज आठवतो. मला वाटत नाही की तू ते केलं असशील. तू स्वतः सांग."

"मला अरे-तुरे लिहिलंय?"

"फ्रेंचमध्ये मुलं बापाला तूच म्हणतात. त्याचं सोडा. इथे बघा." बाईंनी बोट ठेवलं. "हे क्रियापद तिने कसं चालवलंय ते बघा. 'तू केलंस' असं लिहायचं तर 'त्यु आ फे'. तिने लिहिलंय 'त्यु ए फे'. म्हणजे 'केलं असशील'. फ्रेंचमध्ये यासाठी वेगळं रूप आहे. घडून गेलेली गोष्ट, पण शंका, भीती, दुःख असं काहीतरी मनातलं मध्ये घालून सांगितलेली."

"म्हणजे तिला खात्री नाही."

"तिने खात्री करून घेतलेली नाही. तुमच्यासाठी फट ठेवलीय."

टोल्याने त्या दोन-तीन अक्षरांवर स्वतःचं बोट ठेवलं. मग म्हणाला, "मला शिकवा. उत्तर मी माझ्या हाताने लिहिणार."

बाईंना वाटलं, चार दिवसांत कंटाळेल. पण हा पठ्ठ्या रोज पाळी संपली की अंघोळ करून, ओले केस चापून, वही घेऊन हजर. महिना झाला, दोन झाले, सहा झाले. साधा वर्तमानकाळ, साधा भूतकाळ, मग ते शंकेचं रूप. बाईंनी सरावाला सोपं, नियमित क्रियापद निवडलं ते 'फ्रापे', म्हणजे मारणे. मुद्दाम निवडलं की हाताला आलं म्हणून, ते त्यांनाच ठाऊक.

"क झे फ्रापे, मी मारलं असेल. क त्यु ए फ्रापे, तू मारलं असशील. किल ए फ्रापे, त्याने मारलं असेल. क नूझेयों फ्रापे. क वूझेये फ्रापे. किल्झे फ्रापे."

टोला म्हणाला, "बाई, तू, तो, ते, सगळ्यांना 'ए'च. मलासुद्धा जवळजवळ तेच. मग मारलं कुणी ते कळायचं कसं?"

"ऐकताना पुढच्या शब्दावरून. लिहिताना मात्र प्रत्येकाचं वेगळं. कागदावर लपता येत नाही."

कामावर तो साखळीच्या तालात रूपं घोकायला लागला. जनावर वर गेलं, क झे फ्रापे. सुरी फिरली, क त्यु ए फ्रापे. गळा उघडायचा, वाफाळतं रक्त पन्हळात धो धो पडायचं, चार पायांची तडफड साखळीला हिसके द्यायची, आणि त्या सगळ्या कल्लोळात टोल्याचे ओठ हलत असायचे. लोकांना वाटलं, हा देवधर्माला लागला.

हात धुवायच्या नळावर त्याने रूपांचा कागद चिकटवला होता. एके दिवशी कातडी सोलणाऱ्या विभागातला एक जाडजूड माणूस, ज्याला सगळे कातडेवाला म्हणत, तो कागद उपटून बाकावर चढला आणि नाक वर करून, हात नाचवत वाचायला लागला. "ए फ्रापे, ऊ फ्रापे! आमचा साहेब आता जनावरांची आधी परवानगी घेणार!" सगळे हसले. टोला म्हणाला, "कागद दे." कातडेवाल्याने कागदाने नाक पुसलं.

पुढचं इतक्या झटकन झालं की लोकांना नीट सांगताही येईना. टोल्याने त्याला पायाला धरून बाकावरून खाली ओढलं. डोकं फरशीवर आपटल्याचा आवाज यंत्रांच्या आवाजातूनही ऐकू आला. मग तो त्याच्या छातीवर बसला आणि मारत सुटला. पहिल्या ठोशात नाक गेलं. दुसऱ्यात भुवई फाटली. कातडेवाला हात वर करत होता, तर टोल्याने एक हात पकडून मागे पिळला, खांद्यात काहीतरी कटकन वाजलं. मग मानगूट धरून त्याला रक्ताच्या पन्हळापर्यंत फरफटत नेलं आणि तोंड खाली दाबलं. चौघांनी मिळून त्याला मागे ओढलं. पाचव्याने पाण्याचा पाइप सोडला, तेव्हा कुठे तो थांबला. कातडेवाला पालथा पडून ओकत होता, आणि ओकताना "आई गं, आई गं" म्हणत होता.

टोल्याला महिनाभर घरी बसवलं. कातडेवाल्याने तक्रार दिली नाही. तिथे मारामाऱ्या आतल्या आत जिरवायची पद्धत होती. त्याच संध्याकाळी टोला वही घेऊन खाली गेला तेव्हा त्याची उजवी मूठ भोपळ्यासारखी सुजली होती. पेन धरता येईना.

बाईंनी मुठीकडे पाहिलं. "फ्रापे चांगलं पाठ झालेलं दिसतंय."

"त्याने खोडी काढली होती."

"हं. बसा. आज काय लिहायचंय?"

टोला बसला. त्याने वाक्य मनात तयार करून आणलं होतं. "मला असं लिहायचंय, तुझी आई पडली याचं मला फार वाईट वाटतं."

बाईंनी त्याच्याकडे बघितलं नाही. फळ्यासारखी एक पाटी त्या मांडीवर घेऊन बसायच्या, तिच्यावर त्यांनी लिहिलं आणि वाचलं, "झ रग्रेत क ता मेर स्वा तोंबे." मग म्हणाल्या, "व्याकरण बिनचूक आहे. वाईट वाटणं आधी आलं, म्हणून पडणं त्याच शंकेच्या रूपात जाणार. वाक्य चांगलं आहे. पण ती पडली का?"

"तिनेच सांगितलं तसं. कागदावर आहे."

"मी खालच्याच मजल्यावर होते. हेच छत, हीच खुर्ची." बाईंनी खडू खाली ठेवला. "पडणारं माणूस एकदा पडतं."

टोल्याच्या कानात घुम्म झालं. त्या शेवटच्या वाक्यात काय होतं ते त्याने ऐकलंच नाही, एवढंच कळलं की या म्हातारीला माहीत आहे, चौदा वर्षं माहीत आहे, आणि ती याला खाली मान घालून अक्षरं गिरवायला लावतेय. त्याने टेबलाची कड धरली आणि ते उलटवलं. वही, शाई, पितळी दिवा सगळं उडालं. जड कप बाईंच्या कपाळावर बसला आणि फुटला. भुवईच्या वरून चामडी उघडली, रक्त डोळ्यात, गालावर, पांढऱ्या पदरावर उतरलं. टोल्याची मूठ वरच होती.

बाई ओरडल्या नाहीत. पदर कपाळावर दाबून त्या उठल्या, भिंतीचा आधार घेतला आणि त्याच वर्गातल्या आवाजात म्हणाल्या, "बाहेर."

तो बाहेर पडला आणि जिन्यावर बसून राहिला. थोड्या वेळाने बाई त्याच्या बाजूने, त्याच्याकडे न बघता, टॉवेल गुंडाळलेलं डोकं धरून खाली उतरून गेल्या. तासाभराने परत आल्या तेव्हा कपाळावर सहा टाके होते, आणि सोबत पोलीस होता.

पोलीस पोरगेलासा होता, आणि त्याला घरी जायची घाई होती. त्याने आधी टोल्याच्या अंगकाठीकडे पाहिलं, मग बाईंच्या वयाकडे, आणि सोपी वाट काढली. "काय हो, आजी पडल्या का? या वयात तोल जातो."

बाई काही बोलणार तेवढ्यात टोला उठून उभा राहिला. "पडल्या नाहीत. मी टेबल उलटवलं. कप लागला."

"चुकून?"

"नाही. मारायलाच उठलो होतो."

पोलिसाने नाइलाजाने वही काढली. टोल्याला दोन दिवस कोठडीत ठेवलं. तिथे आणखी तिघे होते. त्यातल्या एकाने पहिल्याच तासाला पांघरुणाच्या वादावरून त्याच्या तोंडात मारली. टोल्याने हात मागे घेतले, ढुंगणाखाली दाबून बसला. दुसरी बसली, ओठ फाटला, तिसरी बसली. मारणाऱ्यालाच मग कसंनुसं झालं. "वेडा आहे काय हा," म्हणत त्याने पांघरूण घेतलं आणि तोंड फिरवलं. टोल्याने दोन रात्री भिंतीला टेकून काढल्या. मारायचं झालं असतं तर त्या माणसाचा गळा त्याने कसा धरला असता हे त्याला लख्ख दिसत होतं, आणि ते दिसतंय याचीच त्याला पहिल्यांदा भीती वाटली.

सुटल्यावर तो बाईंच्या दारात गेला. आत गेला नाही.

"शिकवणार का?"

बाईंचा एक डोळा अजून काळानिळा होता. "उंबऱ्याच्या बाहेर बसायचं. वही मांडीवर. मी आतून शिकवीन. आणि दार उघडं राहील, जाणारे-येणारे बघतील."

त्यानंतरचे चार महिने टोला फ्रेंच शिकला तो जिन्याच्या वळणावर, स्टुलावर बसून. वरखाली करणारी माणसं त्याला ओलांडून जायची, कुणी हसायचं, कुणी पोरांना लगबगीने ओढून न्यायचं. एकदा बाई आतूनच म्हणाल्या, "मी त्या दिवशी रेडिओ मोठा केला होता. वर यायला हवं होतं. हे तुम्हाला सांगायचं राहिलं होतं." टोल्याने वहीचं पान उलटलं. तो म्हणाला, "पुढचं वाक्य सांगा."

उत्तर शेवटी असं तयार झालं. तुझी आई पडली नाही. मी तिला मारलं. उजव्या हाताने, एकदा. ती म्हणाली होती हात धुवा. तिचं काही चुकलं नव्हतं. पाण्याचा आवाज तुला आठवतो तो नळाचा, तो चालूच राहिला होता. मी डॉक्टरांपुढे आणि पोलिसांपुढे गप्प बसलो.

पहिल्या मसुद्यात त्याने 'मी मारलं' याच्यात सवयीने शंकेचंच रूप लिहिलं होतं. बाईंनी दाखवलं. 'झे' आणि 'झे'. ऐकायला जवळपास सारखंच, लिहिताना शेवटी एक मुकं अक्षर जास्त. ते राहिलं तर 'मारलं असेल', काढलं तर 'मारलं'. टोल्याने ते खोडलं. इतक्या जोरात की कागद फाटला आणि सगळं पत्र नव्याने उतरावं लागलं.

पत्र गेलं. टोला पुन्हा सुरीवर रुजू झाला. कातडेवाला एक खांदा पाडून चालायचा, समोर आला की रस्ता बदलायचा. टोल्याने एकदा त्याला गाठून "माझं चुकलं" म्हटलं. कातडेवाला थुंकला आणि म्हणाला, "तुझं चुकलं ते तुझ्यापाशी ठेव. माझा हात वर जात नाही."

पाच महिन्यांनी उत्तर आलं. या वेळी टोल्याने ते स्वतः वाचलं, जिन्यातच, बोट फिरवत. एका वाक्यापाशी तो थांबला, पुन्हा वाचलं, मग बाईंच्या दारावर थाप मारली.

"बाई, 'त्रवा फवा' म्हणजे तीनदाच ना?"

"तीनदाच."

लेकीने लिहिलं होतं, मी तुझं पत्र आईला वाचून दाखवलं, तिच्या उजव्या बाजूला बसून. ती शेवटपर्यंत ऐकत होती. मग म्हणाली, एकदा नाही, तीनदा. पहिली ओट्याजवळ. मग मी खाली फरशीवर होते तेव्हा दोन. त्याला सांग.

टोला स्टुलावर बसला. पंधरा वर्षं त्याने त्या दिवसात एकच टोला बघितला होता, आणि त्यावर त्याची शपथ घ्यायची तयारी होती. आता त्याने डोळे मिटले तर ओटा दिसला, नळ दिसला, आणि मग खाली वाकलेला स्वतःचा खांदा. खाली कशाला वाकला असेल तो? जिन्याच्या कठड्यावरून वाकून तो ओकला.

तोंड पुसून त्याने विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"आवाज मोजले होते."

"मग मी पत्रात एकदा लिहिलं, तेव्हा दुरुस्त का नाही केलंत?"

"व्याकरण बरोबर होतं," बाई म्हणाल्या. "आणि आकडा सांगायचा हक्क माझा नव्हता. तिचा होता."

टोल्याने त्याच दिवशी एका ओळीचं पत्र लिहिलं, बाईंना न दाखवता. तीनदा. ती म्हणते ते खरं. त्यात व्याकरणाची एक चूक राहिली होती, लेकीने नंतर कळवली.

बायकोने त्याला माफ केलं असं कुणी समजू नये. तिने यानंतर त्याच्याबद्दल एक शब्दही काढला नाही, आणि त्याने निरोप पाठवला नाही. एक मात्र झालं. तिथल्या डॉक्टरकडे तिने कानाची नवी तपासणी करून घेतली, आणि कारण विचारलं तेव्हा खरं कारण लिहून घ्यायला लावलं. हे लेकीनेच सांगितलं, फोनवर.

फोन रविवारी दुपारी यायला लागला. पहिल्या वेळी टोला दहा मिनिटं आधीपासून उभा होता. लेकीचा आवाज मोठ्या बाईचा होता, पण आपली भाषा तिच्यापाशी पाच वर्षांची होती, तेवढीच उरलेली. "बाबा, तू काय करतोस? तू जेवला?" याच्यापाशी फ्रेंच होतं ते सगळं मारण्याचं आणि पडण्याचं. दोघेही अडखळायचे.

तिसऱ्या रविवारी तिने विचारलं, "तू अजून मारतो?"

"जनावरं. रोज. तेच काम आहे."

"माणसं?"

टोल्याने हिशेब केला. कातडेवाला, मग बाईंचं कपाळ. "गेल्या मार्चपासून नाही."

पलीकडे भांड्याचा आवाज आला, खुर्ची सरकली. टोल्याला वाटलं, ठेवला फोन.

"बरं," ती म्हणाली. "मी आता जाते. आई आली. रविवारी चार वाजता मी करते. तू नको करू. मी करते."

"हो," टोला म्हणाला. "तूच कर."